बारावं जॅकेट

खरं सांगा, एखाद्या वस्तूसोबत आलेलं सूचनापत्रक तुम्ही शेवटचं पूर्ण कधी वाचलंत? कुकरचं, पंख्याचं, खोकल्याच्या औषधाचं, कशाचंही चालेल. नाही ना आठवत? मला वाटलंच. तुम्ही वाचत नाही, म्हणून आम्ही लिहिणारे काटछाट करून लिहितो. अशाच एका काटछाटीत मी बारा माणसांचा जीव टांगणीला लावला होता. अकरा जणांची सुटका झाली. बाराव्यासाठी हा लेख लिहिते आहे.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत गेली नऊ वर्षं गोळी अडवणारी जॅकेटं बनवते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या हातांकडे. बहुतेकांना वाटतं, आमच्याकडे भट्टी असेल, घण असतील, ठिणग्या उडत असतील. प्रत्यक्षात आमचा कारखाना म्हणजे एक मोठं शिंप्याचं दुकान आहे. लांबलचक टेबलं, कात्र्या, शिलाई यंत्रं आणि कापडाचे तागे. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, ते पूर्वी प्लॅस्टिकच्या चटया विणायचे. मुख्य कारागीर नाना, मूळचे सोनगीरचे, पूर्वी मांडवाच्या कनाती शिवायचे. आणि मी अमळनेरची. वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर तो चालायचा आणि पत्रकांसाठी तो होता. मोर्चाचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं पत्रक, बुवाबाजीविरुद्धचं पत्रक. मी अक्षरओळख शाळेच्या पुस्तकातून नाही, 'जागे व्हा!' या मथळ्यातून केली. वडील म्हणायचे, "पत्रक हातात मावलं पाहिजे. जो शब्द काटता येतो, तो काटायचाच."

हे वाक्य लक्षात ठेवा.

कारखान्यात लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी कामगारांची संघटना काढली. आम्ही नऊ जण होतो. पहिल्या सभेला भाऊ स्वतः चहा घेऊन आले आणि मागच्या बाकावर बसले. अशा मालकाविरुद्ध लढायचं कसं, हे एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आता धंद्याची गोष्ट. गोळी अडवणारं मुख्य कापड पिवळं असतं, हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचं. त्याला अरामिड म्हणतात. हाताला जाड ताडपत्रीसारखं लागतं. साधी कात्री त्याला नुसती चावत बसते, कापत नाही. आमच्या कात्र्यांना बारीक दाते असतात, तरी त्या लवकर बोथट होतात. या कापडाचे वीस-पंचवीस थर एकावर एक ठेवले की जॅकेटचा गाभा तयार होतो. थर चिकटवून दगडासारखे करायचे नसतात. दोरीवर सैल वाळत घातलेल्या चादरीवर चेंडू मारून बघा. चादर मागे सरते, चेंडूचा जोर जिरतो आणि तो खाली पडतो. तोच प्रकार. गोळी एका थरात अडकते, दुसऱ्यात चपटी होते, पुढच्यांत दमते.

दुसरा पदार्थ पांढरा आणि गुळगुळीत. तो आपल्या जळगावच्या पाइपांचा आणि बादल्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे पॉलिथिलीनच. फरक एवढाच, की बादलीत त्याचे तंतू न विंचरलेल्या केसांसारखे असतात आणि इथे ते घट्ट वेणीसारखे ओढून एका दिशेला लावलेले असतात. हलका इतका, की पाण्यावर तरंगतो. पण उष्णता त्याला सोसत नाही. आमच्या मे महिन्यात बंद गाडीत असं जॅकेट टाकून जाणारा माणूस दिसला की मी तोंड आवरू शकत नाही. तिसरी वस्तू म्हणजे चिनी मातीच्या जातीची जाड फरशी. मोठ्या बंदुकीसाठी ती छातीवरच्या खिशात बसवतात. ती स्वतः फुटते आणि फुटताना गोळीलाही फोडते. हातातून पडली तर आत तडा जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. नाना प्रत्येक फरशी बोटाच्या पेराने वाजवून बघतात, उन्हाळ्यात माठ घेताना बायका वाजवतात तशी. तपासणीची यंत्रं वेगळी असतात, पण नानांचं बोट आधी.

आणि बादली.

नवा तागा आला की नाना त्यातला एकच धागा ओढून काढतात. छताजवळच्या पाइपाला त्याचे पाच-सहा वेढे, खाली बादलीच्या कडीला पाच-सहा वेढे. गाठ मारायची नाही, कारण कुठलाही धागा गाठीपाशी आधी तुटतो. मग बादली पाण्याने काठोकाठ भरायची आणि सोडून द्यायची. शिवणाच्या दोऱ्याएवढा तो धागा, आणि खाली पंधरा लिटरची बादली डुलते आहे! याला प्रमाणपत्रात काही किंमत नाही. पण बादली लटकल्याशिवाय आमच्याकडे ताग्याला कात्री लागत नाही.

या बादलीने मोठमोठ्यांची परीक्षा घेतली आहे. यावलकडचे एक आबा एकदा केळीच्या खांबाचे धागे घेऊन आले. स्वतः सोललेले, स्वतः विंचरलेले, चांदीसारखे चमकणारे. म्हणाले, "ताई, हा केयीचा धागा हाये. लोखंडालेबी ऐकत नही. याचं जाकीट करा, साऱ्या फौजेले पुरंल." कल्पना काही वेडगळ नव्हती. केळीचा खांबही थरावर थरच असतो. नानांनी मान देऊन धागा लटकवला. बादली पाव भरली आणि बदकन खाली आली. मग नानांनी पिवळा धागा लावला. बादली भरली, डुलली, राहिली. आबा बराच वेळ खाली उभे राहून वर बघत होते. शेवटी म्हणाले, "हा कोन्त्या झाडाचा?"

"झाडाचा नाही आबा, कारखान्यात होतो."

"झाडच नही?" आबांना आमची कीव आली. "मंग तुटंल कसा!"

निवडणुकीच्या तोंडावर एक पुढारीही आला होता. त्याला जॅकेट सदऱ्याच्या वरून, लांबून दिसेल असं हवं होतं. "आत स्पंज भरा," तो म्हणाला. "आतलं कोणाला दिसतंय?" मी तत्त्वाचं भाषण सुरू करणार, तेवढ्यात नानांनी शांतपणे विचारलं, "साहेब, गोळी येवाव नही, हाई पक्कं शे का?"

"कशाला येईल?"

"आनि उनीच तर?"

गोळी आलीच तर, याचा विचार पुढाऱ्याने केलेला नव्हता. भाऊंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आम्ही रिकामं कव्हर विकत नाही, असं मी त्या दिवशी मोठ्या अभिमानाने फळ्यावर लिहिलं. आतल्या मालाचं काय होणार आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

अरामिडचे दोन शत्रू आहेत, पाणी आणि ऊन. म्हणून गाभा नेहमी पाणी न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत बंद करून मग कव्हरात घालतात. ताग्यासोबत सूचनांचं इंग्रजी पुस्तक येतं. ते कामगारांना कळावं आणि जॅकेट वापरणाऱ्यालाही कळावं, म्हणून भाऊंनी मला मराठीत सूचना लिहायला सांगितल्या. एक तक्ता भिंतीवर आणि त्याच ओळी जॅकेटच्या आत शिवायच्या लेबलावर. पुस्तकात वाक्य होतं: ओले झाल्यास सावलीत, सपाट ठेवून वाळवावे. लेबल चार बोटं रुंद. शब्द ओळीबाहेर जात होते. मला वडिलांचं वाक्य आठवलं, आणि मी काटले. लेबल असं झालं:

पाण्यापासून जपा!
ओलं झालं? वाळवा!
घडी घालू नका!

काय ठसका होता त्याला! मी तक्ता लावला तेव्हा भाऊ म्हणाले, "ताई, हे वाचून जॅकेट घोषणा देत उठेल."

त्या वर्षी पावसाळ्यात गोदामाचं छत गळलं आणि एका ताग्याला ओल लागली. पितृपक्ष चालू होता. घट बसायच्या आधी आपल्याकडे घराघरांतून काय चालतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. गोधड्या धुतात, गाद्या गच्चीवर काढतात, डबे, धान्य, सगळ्याला ऊन दाखवतात. मी वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अमळनेरला गेले होते. इकडे नानांनी तक्ता वाचला. ओलं झालं? वाळवा! त्यांनी तागा गच्चीवर नेला, पूर्ण उलगडला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि जळगावचं ऊन त्याला घसघशीत दोन आठवडे दाखवलं. मनापासून दाखवलं. रोज पालटूनही टाकलं.

मग त्या ताग्यातून बारा जॅकेटं झाली, माझं लेबल लागलेली पहिलीच. धुळ्याच्या एका कंपनीसाठी. बँकांची रोकड गाड्यांतून नेणारी कंपनी, आणि जॅकेटं त्या गाड्यांवरच्या रखवालदारांसाठी. तागा आला तेव्हा बादलीची परीक्षा झालेली होती, त्यामुळे पुन्हा कोणी केली नाही. रखवालदारांतले रामदासभाऊ नानांच्याच गावचे, सोनगीरचे. सव्वासहा फूट उंच आणि पोट त्याच मापाचं. माप द्यायला ते स्वतः आले होते. जॅकेट काळीज आणि फुप्फुसं झाकतं, बेंबीपाशी संपतं, हे त्यांना पटेना.

"नाना, आनि पोटनं काय?"

"तुना पोटमा गोळी वाटमाच थकी जाई," नाना म्हणाले. सगळा कारखाना हसला, रामदासभाऊ सगळ्यांत मोठ्याने.

सातव्या माळेला जॅकेटं धुळ्याला गेली. दसऱ्याला सकाळी मी अमळनेरहून परतले. आमच्याकडे कात्र्यांची पूजा मांडली होती. खाली अंथरायला नानांनी उरलेल्या कापडाचा तुकडा घेतला होता. कात्र्यांवर हळद वाहिली आणि मी थबकले. हळदीशेजारी ते कापड गुळासारखं दिसत होतं.

"नाना, हे काय?"

"त्यानी ओल काढी. ऊन दखाडं ना. रंग कसा पक्का व्हयना, देख."

मी गेले आणि बादली भरून आणली. नानांनी धागा लावला. बादली क्षणभरही लटकली नाही. धागा तुटला, पाणी पूजेत शिरलं, झेंडूची फुलं टेबलाखाली तरंगत गेली. नाना खाली बसले. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला.

"रामदास."

मी तुम्हाला खरं सांगते. भाऊंच्या केबिनकडे चालत जाताना माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं. मालक म्हणणार, कोणाला सांगू नका. मालक म्हणणार, गोळी थोडीच रोज सुटते. मग मी त्यांच्याविरुद्ध काय लिहीन, त्याचे मथळेसुद्धा सुचले होते. भाऊंनी सगळं ऐकलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "गाडीत बसा. बठ्ठे, बाराच्या बारा परत आणायचे."

माझं पत्रक तिथेच फुकट गेलं. फुकट जाण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

एरंडोल, पारोळा मागे टाकून आम्ही धुळ्याला पोचलो, तर कंपनीच्या आवारात शस्त्रपूजा. बाकावर बंदुका मांडलेल्या, त्यांच्याशेजारी आमची जॅकेटं, प्रत्येकाला कुंकवाची पाच बोटं आणि झेंडूची माळ. रामदासभाऊंनी आधी आमच्या हातांत आपट्याची पानं ठेवली. भाऊंनी येण्याचं कारण सांगितलं. रामदासभाऊंचा चेहरा पडला.

"पूजा करेल जाकीट शे ते. आजना दिन परत कसं देवानं?" सणाच्या दिवशी पूजेतली वस्तू परत द्यायला त्यांचं मन होईना.

मग मी बोलले. बाकावर चढून बोलले. माणसाच्या जिवाचं मोल, वस्तूचा खरेपणा, अंधश्रद्धा आणि विज्ञान, सगळं त्यात होतं. एकाने टाळीही वाजवली. जॅकेट मात्र एकानेही उचललं नाही.

नानांनी मला हाताला धरून खाली उतरवलं. "बस, माय," म्हणाले. आणि मग रामदासभाऊंना, "बादली शे का?"

नानांनी खिशात कागदाच्या दोन पुड्या आणल्या होत्या. पहिलीत नव्या ताग्याचा पिवळा धागा. तो गाड्या धुतात तिथल्या लोखंडी आडव्या पट्टीला लावला. बादली भरली. डुलली, राहिली. रखवालदार गोळा झाले. मग दुसरा, गुळाच्या रंगाचा. रामदासभाऊ जवळ येऊन, अगदी बादलीखाली पाय ठेवून बघायला लागले. तिसऱ्या तांब्याला धागा तुटला आणि दसऱ्याला रामदासभाऊंची दुसरी आंघोळ झाली.

कोणी हसलं नाही. रामदासभाऊंनी तुटलेलं टोक चिमटीत धरलं.

"हाई मना जाकीटमा शे?"

"बठ्ठासमा," नाना म्हणाले. त्यांनी हात जोडले. "चूक मनी शे, रामदास."

"नाही," मी म्हणाले. "नानांनी मी लिहिलं ते केलं. शब्द मी काटला."

"मनी."

"नाना, माझी!"

"अरे, तुम्ही भांडन मांगेतून करा!" रामदासभाऊ ओरडले. "आते माले सांगा, सकाय मी काय घालू?" मग ते जरा थांबले, आपल्या जॅकेटवरची माळ काढून बंदुकीवर ठेवली आणि जॅकेट भाऊंच्या हातात दिलं. व्यवस्थापकाकडे वळून म्हणाले, "नवं जाकीट येत नही, तवलूंग गाडी निंघाव नही."

बाकीच्यांनी आपापल्या माळा काढल्या. गाड्या चार दिवस उभ्या राहिल्या. मी आयुष्यात इतका नेटका संप पाहिला नाही. ना पत्रक, ना घोषणा, ना माझं भाषण. आम्ही ते चार दिवस कापत आणि शिवत होतो. नाना प्रत्येक जॅकेटसाठी वेगळा धागा काढून बादली लटकवत होते. गरज नव्हती. पण त्यांना थांबवायची कोणाची छाती नव्हती.

परत आणलेली जॅकेटं मोजली तेव्हा अकरा भरली. बारावं सुकलालचं. सातपुड्याच्या पायथ्याचा, यावलच्या पुढचा, मुलखाचा शांत माणूस. जॅकेट मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो काम सोडून गेला होता, अंगात जॅकेट घालूनच. "थंडीत बरं पडेल म्हणत होता," व्यवस्थापक म्हणाले. मी आणि नाना त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने आम्हाला मोहाच्या झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, तो सुरतेकडे गेला आहे, रखवालीच्याच कामावर, आणि जाताना सांगून गेला आहे की आता काळजी करू नको, छातीला जॅकेट आहे.

परतीच्या बसमध्येच मी त्याला पहिलं पत्र लिहायला घेतलं.

त्यानंतर तो काम बदलत राहिला. आम्ही निरोप पाठवले, पत्रं पाठवली. भाऊंनी त्याच्या मापाचं नवं जॅकेट शिवून ठेवलं आहे. ते कारखान्यात सावलीत, सपाट ठेवलेलं आहे. दर दसऱ्याला नाना कात्र्यांबरोबर त्यालाही हळद लावतात आणि म्हणतात, "येई तो."

लेबल मी बदललं. आता दुसरी ओळ अशी आहे: ओलं झालं तर सावलीत, सपाट ठेवून वाळवा, ऊन दाखवू नका. ओळ कसली, ओळी आहेत. लेबल आठ बोटं रुंद झालं, ठसका गेला, उद्गारचिन्हंही गेली. वडिलांना दाखवलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता काटायला पेन मागतील. त्यांनी लेबल परत दिलं आणि म्हणाले, "यातला एक शब्द काटशील तर बघ."

आता तुमचं काम. तुमच्या घरात, शेजारात, गावात कोणी पोलीस असेल, वनरक्षक असेल, बँकेच्या गाडीवर किंवा कारखान्याच्या फाटकावर उभा राहणारा असेल, तर आज त्याचं जॅकेट खुंटीवरून काढायला सांगा. शिवण उसवू नका, आत डोकावू नका, आतला माल डोळ्यांनी कळत नाही. आतल्या बाजूचं लेबल वाचा, शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. ते उन्हात वाळवलं गेलं असेल तर ज्यांनी दिलं त्यांच्याकडून बदलून मागा. आणि सुरत, नवसारी, उधना, जिथे कुठे आपली खानदेशची माणसं रखवालीला उभी आहेत, तिथे हा अंक पोचवा. कोणाच्या जॅकेटच्या आत चार बोटं रुंद लेबल असेल, त्यावर तीन ओळी असतील आणि मधली ओळ 'ओलं झालं? वाळवा!' अशी असेल, तर तो सुकलाल आहे. त्याला म्हणावं, ते जॅकेट काढून ठेव आणि जळगावला ये. नानांनी बादली भरून ठेवली आहे.